ताणामुळे मान-खांदे आखडतात, झोपही उडाली आहे. ॲक्युपंक्चर करून बघावं का?

मान-खांद्यांसाठी आणि त्यातून येणाऱ्या डोकेदुखीसाठी जरूर बघा. नुसतं 'टेन्शन जावं' म्हणून जाणार असाल तर पैसे वाचवा.

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीला नोकरी आहे, मान कायम धरलेली असते, रात्री दोन-तीनला जाग येते, आणि घरचे म्हणतात की सुया टोचून कुठे ताण जातो का! घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. सुईने बॉस बदलत नाही.

मी टिळक रोडला सीएच्या ऑफिसात आहे. 30 सप्टेंबरच्या आधीचे दिवस म्हणजे टॅक्स ऑडिटची मारामारी. माझं अंग किती आवळलेलं असतं हे मला सांगितलं ते दातांच्या डॉक्टरांनी. दाढा झिजल्यात, झोपेत दात खाता का, म्हणाले. ताण आला की जबडा, कवटीच्या तळाचे छोटे स्नायू आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपेझियस हे सगळे घट्ट होतात, आणि लॅपटॉप मिटला तरी सैल पडत नाहीत. मग संध्याकाळी डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखायला लागतं. माझी तक्रार हीच होती.

मी जिथे गेले तिथे पहिल्या वेळी सुईपेक्षा प्रश्नच जास्त. झोप कशी, पोट साफ होतं का, पाळी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. सुई जेमतेम पाव मिलिमीटर जाड, भरीव. इंजेक्शनशी तिचा संबंध नाही. टोचल्याचं फारसं कळत नाही, पण आत गेल्यावर एक जड ठणका बसतो, विशेषतः अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल जागी. चिनी वैद्यकात त्या ठणक्याला 'दे ची' म्हणतात. बाकीच्या सुया मानेच्या वर केसांच्या कडेला, दोन भुवयांच्या मध्ये आणि पावलांवर. मग वीस-पंचवीस मिनिटं नुसतं पडून राहायचं. हातात सुई असल्यामुळे फोन धरता येत नाही, आणि खरं सांगू, निम्मा गुण मला त्याचाच वाटतो.

खांदे त्याच दिवशी हलके झाले. डोकेदुखी मात्र काही आठवड्यांनी कमी झाली, गेली असं म्हणणार नाही. संशोधनही साधारण तेवढंच सांगतं. ताणाच्या डोकेदुखीवरच्या बऱ्याच चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2016 सालच्या कॉक्रेन आढाव्यात खऱ्या सुया घेतलेल्यांपैकी पन्नासेक टक्के लोकांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले. पण खोटी खोटी टोचणी केलेल्यांपैकीही चाळीसेक टक्क्यांचे आलेच! नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा दोन्ही गट पुष्कळ पुढे. कुठल्या आजाराला कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या सूचनांमध्ये अशा जुनाट डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त 10 बैठका सुचवल्या आहेत. त्यामुळे पहिल्याच दिवशी कोणी तीस बैठकांचं पॅकेज गळ्यात मारायला लागलं तर नमस्कार करून बाहेर पडा. बीपीची गोळी यावर विसंबून सोडू नका. रक्तदाब टिकाऊपणे उतरतो असं सिद्ध झालेलं नाही.

झोपेबद्दल माझा तुम्हाला वेगळा सल्ला आहे. दोन-तीनला जाग येणं महिनाभर चाललं असेल, सोबत धडधड किंवा उदासपणा असेल, तर आधी फॅमिली डॉक्टर. छातीत दुखत असेल तर आधी ईसीजी, 'ताणामुळेच असेल' हे नंतर. मन फारच जड झालं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आणि मराठीतही.

माणूस निवडताना नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका. आपल्याकडे ॲक्युपंक्चरचा 2015 चा राज्य कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे. सुया सीलबंद पाकिटातल्या आणि तुमच्यासमोर फोडलेल्या हव्यात. खांद्याच्या माथ्यावर सुई खोल जाऊ देऊ नका, खाली फुप्फुसाचं टोक असतं. क्वचितच होतं, पण टोचल्यावर धाप लागली किंवा छातीत कळ आली तर सरळ कॅज्युअल्टी गाठा. गरोदरपण असेल तर सुईआधी सांगायचं. फिजिओ जे ड्राय नीडलिंग करतात त्यात सुई अशीच, पण ती थेट स्नायूच्या गाठीत जाते आणि चांगलीच दुखते; मला ते झेपलं नाही.

घरच्यांना हे चिनी खूळ वाटत असेल (आमच्या बाबांना वाटायचं) तर सांगा, सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातल्याच डॉ. बिजोय बसूंनी पुढे तिकडे जाऊन ही विद्या शिकली आणि भारतात आणली. बाबा त्यावर गप्प बसले, पटलं असं नाही.

अपॉइंटमेंट शनिवारी सकाळची घ्या. ऑफिस सुटल्यावरची घेतलीत तर वाकडच्या पुलापाशीच खांदे पुन्हा कानाला टेकतील. उपाशी पोटी जाऊ नका, आणि उठल्या उठल्या गाडीला किक मारू नका. पहिल्या वेळी काहींना गरगरतं, मलाही गरगरलं होतं.