देवदूत आणि महादूत यांत नेमका फरक काय?

तुम्ही विचारलंय की देवदूत आणि महादूत या दोन वेगळ्या जाती आहेत का, आणि गब्रीएलला कुठे देवदूत तर कुठे महादूत का म्हणतात. हाच घोळ माझ्या मनातही पुष्कळ दिवस होता. मूळ वचनं एकेक करून वाचली तेव्हा कुठे तो सुटला.

जात एकच आहे, वेगळी आहे ती जबाबदारी. हिब्रूतला ‘मलाख’ आणि ग्रीकमधला ‘आंगेलोस’ या दोन्ही शब्दांचा अर्थ नुसता ‘निरोप्या’. त्यात ना पंख आहेत, ना प्रकाश. लूकच्या शुभवर्तमानात तुरुंगातला योहान येशूकडे आपली माणसं पाठवतो. त्या हाडामांसाच्या माणसांसाठीही मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. संत ऑगस्टिनने हे फार नेमकं सांगितलंय: त्यांचं स्वरूप विचाराल तर ते आत्मे, काम विचाराल तर दूत. या ‘आंगेलोस’ला ‘मुख्य’ अशा अर्थाचा ‘आर्खी’ जोडला की झाला महादूत. मराठी बायबलात त्याला ‘आद्यदेवदूत’ म्हटलंय.

आता गब्रीएल. नव्या करारात महादूत हा शब्द फक्त दोनदा येतो. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल महादूताच्या वाणीचा उल्लेख करतो, पण नाव देत नाही. दुसरा उल्लेख यहूदाच्या छोट्याशा पत्रात आहे आणि तिथे एकच नाव आहे, मीखाएल. गब्रीएलला बायबलात कुठेही महादूत म्हटलेलं नाही. मरीयेकडे येतो तो ‘गब्रीएल देवदूत’. पण त्याच अध्यायात जखऱ्या त्याच्या निरोपावर शंका घेतो, तेव्हा तो म्हणतो की मी गब्रीएल, देवासमोर उभा राहणारा. दरबारात राजासमोर उभं राहण्याचा मान कोणाला असतो, हे त्या काळच्या वाचकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. पुढे परंपरेने त्याला महादूतांत बसवलं ते यामुळेच, असं मला वाटतं, आणि मला ते रास्तही वाटतं.

यहूदाच्या पत्रातला तो प्रसंग मुद्दाम वाचा. मोशेच्या शरीरावरून मीखाएलचा सैतानाशी वाद चाललाय. जुन्या करारात दानीएलने ज्याला मोठा अधिपती म्हटलं, तोच हा मीखाएल. तरी तो स्वतःच्या अधिकारात सैतानाला दोषी ठरवत नाही. ‘प्रभू तुला धमकावो’ एवढंच म्हणतो. महादूत म्हणजे काय, हे मला या एका ओळीत सगळ्यात स्वच्छ दिसलं. तो दूतांचा मुख्य आहे, पण आहे दूतच. शब्द त्याच्या धन्याचाच.

मग ‘सात महादूत’ कुठून आले? तोबीतच्या पुस्तकातून. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च ते पवित्र शास्त्रात धरतात, प्रॉटेस्टंट धरत नाहीत. आंधळ्या झालेल्या तोबीतचा मुलगा तोबिया पैसे आणायला दूरदेशी निघतो. सोबतीला एक अनोळखी वाटाड्या मिळतो, मागून घरचं कुत्रंही चालत येतं. नदीत मोठा मासा अंगावर येतो, तर वाटाड्या म्हणतो की धर त्याला आणि पित्त जपून ठेव. घरी परतल्यावर तेच पित्त बापाच्या डोळ्यांना लावतात आणि डोळ्यांवरची पांढरी साय सोलून निघते. मजुरी द्यायची वेळ येते तेव्हा कुठे वाटाड्या सांगतो की मी राफाएल, प्रभूसमोर उभ्या राहणाऱ्या सात दूतांपैकी एक. मी जेवतोय असं तुम्हाला नुसतं दिसत होतं. गंमत म्हणजे इथेही तो स्वतःला दूतच म्हणवतो.

उरीएल वगैरे बाकीची नावं हनोखाच्या पुस्तकासारख्या जुन्या ज्यू ग्रंथांतली. इ. स. 745 मध्ये रोमच्या धर्मसभेने अशी जादा नावं घेऊन केलेल्या प्रार्थनेला मनाई केली. म्हणून कॅथलिक उपासनेत मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल या तिघांचीच नावं घेतात. सणांच्या दिनदर्शिकेच्या 1969 मधल्या फेररचनेपासून तिघांचा सण 29 सप्टेंबरला एकत्र असतो. त्याआधी गब्रीएल आणि राफाएल यांचे दिवस वेगळे होते.

आणखी एक गोंधळ उतरंडीचा. इ. स. 500 च्या सुमाराला डायोनिसियस या नावाने लिहिणाऱ्या एका लेखकाने दूतांच्या नऊ श्रेणी लावल्या. सगळ्यात वर सराफीम, मग करूबीम, आणि असं उतरत आठव्या जागी महादूत, नवव्या जागी देवदूत! महादूत सर्वोच्च असतील असं धरून चालणाऱ्याला इथे धक्का बसतो. पण ही रचना अभ्यासकाची आहे, नऊ पायऱ्यांची अशी यादी बायबलात एका जागी कुठेच नाही. त्यापेक्षा पोप ग्रेगरी यांची फोड मला जास्त पटते: लहान निरोप आणतो तो देवदूत, मोठा निरोप आणतो तो महादूत. मरीयेला दिलेल्या निरोपाएवढा मोठा निरोप कुठला?

इस्लाममध्येही जिब्रील आणि मीकाईल ही नावं कुराणात आहेत. तिथे महादूत असा वेगळा शब्द नाही. अल्लाहच्या निकटचे फरिश्ते मात्र म्हटलंय.

हल्ली अमुक महादूत पैशासाठी, तमुक तब्येतीसाठी, याचा रंग हा आणि वार तो, असे तक्ते फिरतात. यातलं काहीही वर सांगितलेल्या शास्त्रवचनांत नाही. कोणी त्याचे पैसे मागत असेल तर कृपा करून देऊ नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आपला रक्षक दूत महादूत असतो का. मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस याच्या मते एकेका माणसाची राखण सर्वात खालच्या श्रेणीकडे, म्हणजे साध्या देवदूतांकडे असते. त्यांचा सण वेगळा, 2 ऑक्टोबरला. आणि त्यांना कमी समजू नका. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू लहानग्यांबद्दल म्हणतो की त्यांचे दूत स्वर्गात माझ्या पित्याचं मुख नेहमी पाहत असतात.