घरात लॅब्रेडॉरचं पिल्लू येतंय आणि हॉलमध्ये महागडी ऑडिओ सिस्टिम आहे. काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात पिल्लू येणार, हॉलमध्ये टॉवर स्पीकर (जमिनीवर उभे राहणारे उंच), काचेच्या नळ्यांवर चालणारा, आवाज वाढवणारा, म्हणजे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आणि टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र) आहे, आणि यजमानांचं म्हणणं असं की हे सगळं विकून भिंतीवर एक साउंडबार ठोकू. विकू नका. निदान एवढ्यात तरी नको. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एक लॅब आणि एक देशी, दोघंही त्याच हॉलमध्ये वाढले जिथे सिस्टिम आहे, आणि तिघंही धडधाकट आहेत.

आपण गाणं ऐकत बसलेलो असतो तेव्हा कुत्रा सहसा काहीच करत नाही. पायाशी पसरतो आणि घोरतो. सगळे उद्योग होतात ते घरात कोणी नसताना, नाहीतर दाराची बेल वाजली की. त्यामुळे ‘आम्ही त्याला शिकवू’ यावर भिस्त ठेवू नका. शिकेल तो, लॅब हुशारच असतात, पण शिकेपर्यंतचे महिने कसे काढायचे हा खरा प्रश्न आहे. हॉलला दार असेल तर बाहेर जाताना ते लावा. नसेल तर लहान मुलांसाठी मिळतं ते अडवायचं फाटक घ्या. पण तुम्ही घरात असताना मात्र त्याला बाहेर कोंडू नका. कोंडलेलं पिल्लू दार खरवडतं, रडतं, आणि मग तुमचं गाण्यात लक्ष लागणार ते काय.

सगळ्यात आधी तारा बघा. पिल्लाचे दुधाचे दात साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत नवे येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि जे मऊ, रबरी दिसेल ते तोंडात जातं. आपली ऑडिओवाली मंडळी बोटाएवढ्या जाड केबल कौतुकाने जमिनीवर मांडून ठेवतात. पिल्लाच्या दृष्टीने ते त्याच्यासाठीच आणलेलं खेळणं असतं. स्पीकरची तार चावली तर कुत्र्याला सहसा धोका नसतो, पण आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या की शॉर्ट होतो, आणि संरक्षण नसलेला अ‍ॅम्प त्यात जाऊ शकतो. पॉवर केबलचं मात्र तसं नाही. तिथे 230 व्होल्ट आहेत, आणि प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन कामं करून घ्या: तारा भिंतीलगत पीव्हीसीच्या केसिंग पट्टीत घालायच्या, आणि मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते बघायचं, नसेल तर बसवायचा. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर लोळत ठेवायचा नाही, रॅकच्या मागे उंचावर स्क्रूने पक्का करायचा. तार चावताना शॉक लागलाच तर आधी मेन स्विच बंद, मगच कुत्र्याला हात. आणि तो नंतर उड्या मारत असला तरी लगेच डॉक्टरकडे न्या. तोंडातलं भाजणं दिसतं, पण फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो, तो दिसत नाही.

आता बेल. तुमच्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स असतील असं धरून चालतो. बेल वाजली की लॅब सोफ्यावरून उठतो, पहिल्या दोन पावलांत वेग घेतो, वळणावर मागचे पाय घसरतात आणि पाठीमागचा अख्खा भाग तिरका होऊन समोर येईल त्यावर आदळतो. पूर्ण वाढीचा लॅब तीस किलोच्या आसपास असतो. अरुंद बुंध्याचा टॉवर त्याच्यापुढे काय टिकणार? त्यात आपण टाइल्सवर चरा पडू नये म्हणून स्पाइकखाली (स्पीकरच्या टोकदार पायांखाली) गुळगुळीत धातूच्या चकत्या ठेवतो, त्या आणखीच सरकतात. तेव्हा सोफा ते दार या रेषेत स्पीकर ठेवू नका, मग आवाजाचा ‘स्टेज’ (कोणतं वाद्य कुठून वाजतंय त्याचा भास) थोडा बिघडला तरी चालेल. त्या वळणावर खालून रबर असलेला गालिचा टाका. टॉवरला रुंद पायांचा जोड मिळत असेल तर बसवा. स्टँडवरचे छोटे स्पीकर असते तर स्टँडच्या नळीत कोरडी वाळू भरा आणि स्पीकरखाली ब्लू-टॅकच्या (चिकट, मळलेल्या कणकेसारख्या पदार्थाच्या) गोळ्या लावा असं सांगितलं असतं. खरं तर कुत्र्याच्या घरात सगळ्यात सुखाचा स्पीकर म्हणजे भिंतीवर ब्रॅकेटने टांगलेला. इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे पातळ पडद्यातून आवाज काढणाऱ्या स्पीकरच्या वाटेला तर जाऊच नका: त्या पडद्यावर काही हजार व्होल्टचा भार असतो, धूळ नि केस आपसूक ओढले जातात.

शेपटीचं वेगळं सांगायला हवं. आनंदात असलेल्या लॅबची शेपटी बरोबर टीपॉयच्या उंचीवर फिरते आणि चांगली सणसणीत लागते. त्या उंचीच्या फळीवर काही नाजूक ठेवायचं नाही, विषय संपला.

स्पीकरची जाळी काढून ऐकायची सवय असेल तर ती सोडा. पिल्लू ट्वीटरला (बारीक, वरचे आवाज काढणाऱ्या छोट्या घुमटाला) नाक लावून बघणारच. धातूचा घुमट एकदा चेपला की सहसा पूर्वीसारखा होत नाही, आणि वॉरंटीत हे बसत नाही. जाळीने आवाजात पडणारा फरक मला ऐकू येतो असं मी मित्रांसमोर म्हणतो. एकटा असताना येत नाही. जाळीवरचे केस कपड्यांच्या चिकट रोलरने काढा. उघड्या ट्वीटरवर व्हॅक्यूम क्लीनर कधीही धरू नका, घुमट बाहेर खेचला जातो.

पिल्लू नर असेल तर हा परिच्छेद यजमानांनाही वाचून दाखवा. वयात येताना नर कुत्रे उभ्या वस्तूंवर पाय वर करून खूण करतात, आणि टॉवर स्पीकर हा जमिनीवरून सरळ वर गेलेला खांबच आहे. वर चकचकीत लाकडी पापुद्रा असला तरी आत बहुतेकदा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) असतो, आणि तो ओल शोषून फुगतो. आमच्या सोसायटीतल्या एका बीगलने एकाच स्पीकरचा एकच कोपरा इतक्या निष्ठेने जपला की तो कोपरा शेवटी पाव भिजल्यासारखा सुटला. इलाज सोपा आहे: कुत्र्याची गादी किंवा पाण्याचं भांडं त्या कोपऱ्याजवळ ठेवा (भांडं तारांपासून लांब). जिथे झोपायचं-खायचं तिथे ते सहसा घाण करत नाहीत. एकदा केलंच तर फिनाइल नुसतं वास झाकतं, आणि अमोनिया असलेलं काही वापरलं तर कुत्र्याला तो लघवीसारखाच वाटतो. पाळीव प्राण्यांसाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते घ्या. नसबंदीनेही ही सवय बऱ्याच कुत्र्यांत कमी होते. वय कधीचं योग्य ते डॉक्टरांना विचारा.

टर्नटेबलबद्दल परदेशी लोक सांगतात की कुत्र्याने उडी मारली की सुई उडते. त्यांची लाकडी जमीन असते. आपल्या आरसीसी स्लॅबवर उडीचा धक्का फारसा पोचत नाही; रॅकलाच धडक बसली तर मात्र सुई तबकडीवर ‘खर्रर्र’ करत जाते. म्हणून टर्नटेबल भिंतीत ठोकलेल्या फळीवर, छातीच्या उंचीला.

खरा छळ केसांचा. एखादा मुखडा ऐन रंगात आलेला असतो आणि आवाज हळूहळू घोगरा होत जातो, ‘स’ आणि ‘श’ फरफटायला लागतात. टोनआर्म (सुईचा दांडा) उचलून बघावं तर सुईला करड्या धुळीची गोळी, आणि तिच्यातून बाहेर आलेला एक आखूड पिवळट केस. बोटाने ओढायचा मोह होतो, तो आवरा. आवाज पूर्ण कमी करा आणि सुईच्या बारीक ब्रशने मागून पुढे, म्हणजे तबकडी फिरते त्या दिशेने, एकदाच ओढा. आडवा ब्रश मारलात तर कँटिलिव्हर (सुई धरणारी बारीक काडी) वाकेल. तबकडी लावण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवा. थंडीत हवा कोरडी असते तेव्हा स्थिर विजेमुळे केस तबकडीला चिकटून बसतात. पावसाळ्यात तो ताप कमी, पण तेव्हा भिजलेला कुत्रा हॉलच्या मधोमध अंग झटकतो आणि थेंब पार रॅकपर्यंत उडतात. टॉवेल दाराशीच ठेवा. टर्नटेबलचं झाकण वाजतानाही बंद ठेवा. झाकणामुळे कंप वाढतो म्हणणाऱ्यांच्या घरी कुत्रा नसतो.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पसोबत जाळीदार पिंजरा आला असेल. दिसायला बरं म्हणून तो काढून माळ्यावर टाकलेला असतो; शोधून परत बसवा. चालू असताना काच भाजण्याइतकी तापते, आणि आत काहीशे व्होल्ट असतात, जे बंद केल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) राहतात. शिवाय कुत्र्यांना ऊब आवडते, खालच्या फळीवरच्या गरम अ‍ॅम्पला टेकून झोपायला त्यांना फार सुख वाटतं. अ‍ॅम्प वरच ठेवा. प्लग काढून, थंड झाल्यावर, झरोक्यांतले केस मऊ ब्रशने काढत जा.

तुम्ही शेवटी विचारलंय की एवढ्या आवाजाचा त्याच्या कानांना त्रास होईल का. माणूस ऐकतो साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत, कुत्रा सुमारे 45 हजारपर्यंत, आणि मधल्या-वरच्या पट्ट्यात आपल्यापेक्षा बारीक आवाजही त्याला येतो. खर्जाच्या टोकाला मात्र आपणच पुढे. म्हणजे सबवूफरच्या घुमण्यापेक्षा त्याला झांजा आणि अचानकचे ठोके जास्त बोचतात. 2002 साली बेलफास्टच्या अभ्यासात निवाऱ्यातले कुत्रे शास्त्रीय पाश्चात्त्य संगीतावर शांत पडून राहिले आणि हेवी मेटलवर जास्त भुंकले. आमचा देशी तार सप्तकातली सनई सुरू झाली की उठून बाल्कनीत जातो. जाऊ द्या, फक्त बाहेर जायची वाट उघडी ठेवा. कर्ण्यात तोंड घालून बसलेला एचएमव्हीच्या चिन्हातला कुत्रा निपर बघून आपल्याला वाटतं की कुत्र्यांना हे आवडतंच. पण तो निपर 1895 मध्येच वारला होता आणि फ्रान्सिस बरो यांच्या चित्रात आधी फोनोग्राफ होता, ग्रामोफोन 1899 मध्ये वरून रंगवला. तेव्हा त्या चित्रावर जाऊ नका.

राहिला यजमानांचा साउंडबार. त्यांना म्हणावं, दीड वर्ष थांबा. लॅब तोवर बराच निवतो. मधल्या काळात महागडं कार्ट्रिज (टोनआर्मच्या टोकाचा सुईवाला भाग) काढून डबीत ठेवा आणि एखादं स्वस्तातलं मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं लावा, ज्याची सुई वेगळी बदलता येते. ती तुटली तरी जेवताना भांडण होणार नाही.