मासळीला वशट वास का येतो? लिंबू-कोकम लावल्यावर तो कमी कसा होतो?

अगदी ताज्या मासळीला जवळजवळ वास नसतोच, असला तर समुद्राच्या पाण्यासारखा हलका. वशटपणा मासा मेल्यानंतर येतो.

समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के क्षार असतात. एवढ्या खारट पाण्यात शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून बहुतेक समुद्री मासे पेशींमध्ये ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड साठवतात. याला स्वतःचा वास नसतो. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि नाकाला झोंबतो तो हाच वायू. आपलं नाक त्याच्या बाबतीत फार तिखट आहे, अगदी थोडा असला तरी कळतो. बर्फात जिवाणू मंदावतात, म्हणून कोळणीच्या टोपलीत बर्फ हवाच.

रोहू-कटला या गोड्या पाण्यातल्या माशांत हे रसायन फारच कमी असतं. त्यांचा तो मातकट वास जिओस्मिनचा, म्हणजे पावसानंतर मातीला येतो तोच. मुशीची, म्हणजे छोट्या शार्कची, गोष्ट आणखी वेगळी: तिच्या अंगात युरिया भरपूर असतो, त्याचा अमोनिया होतो. शिळी मुशी घरात आणूच नये!

आता कोकम. अमाइन हे अल्कधर्मी, त्याला आम्ल भेटलं की क्षार तयार होतो आणि तो हवेत उडत नाही. वास नाकापर्यंत पोचतच नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, सगळ्यांचं काम हेच. तिरफळ मात्र वास मारत नाही, स्वतःच्या वासाने झाकतं. हात धुतानाही नुसत्या साबणापेक्षा आधी लिंबू चोळा.