साताऱ्याहून दोघांनीच थीम पार्कला जायचे असेल, तर कमी खर्चात सहल आनंदाची कशी करावी?

आपल्या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. लग्नाला दीड वर्ष झालेले तुम्ही दोघे साताऱ्याहून एखाद्या मोठ्या थीम पार्कला जाऊ इच्छिता आणि हाताशी रक्कम बेताची आहे, हा पहिला. पार्कात दोन दिवस घालवावेत की एक दिवस पुरे, हा दुसरा. आणि पत्नीला उंचावरच्या राईडची भीती वाटते, तर तिचे तिकीट वाया जाईल का, हा तिसरा. मी साताऱ्यातच एका पतसंस्थेत हिशोबाचे काम करते आणि घरचा खर्चही वहीत लिहून ठेवण्याची मला सवय आहे. आम्ही उभयता आतापर्यंत अशा तीन सहली केल्या असून तिन्हींचे हिशोब माझ्याकडे आहेत. पुढील उत्तर त्यांच्याच आधारे लिहिते.

पहिली सहल पूर्ण फसली. मे महिन्यातला रविवार होता, भाड्याने गाडी ठरवली होती, पहाटे चारला घर सोडले आणि मुक्काम नको, खर्च वाचेल, या हिशोबाने रात्री बारा वाजता परत आलो. त्या पार्काचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण चूक आमची होती. उन्हात रांगेत उभे राहण्यात दिवस गेला, राईड मिळाल्या चार, आणि परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट कधी आला आणि कधी गेला हे आम्हा दोघांनाही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी वही उघडली तेव्हा दिसले की दोघांच्या तिकिटांची रक्कम एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होती. बाकीचे पैसे गाडी, टोल, आतले जेवण, भाड्याचे कपडे, लॉकर आणि फोटो यांत गेले होते. तोपर्यंत माझा समज असा होता की थीम पार्क महाग म्हणजे त्याचे तिकीट महाग. वस्तुतः तिकिटाने आपण फाटकाच्या आतले सात-आठ तास विकत घेतो, आणि त्या तासांत दमून, भुकेल्या पोटी किंवा गर्दीच्या दिवशी शिरलो तर तेच तिकीट दुप्पट महाग पडते. म्हणून काटछाट करायची ती फाटकाबाहेरच्या खर्चात करावी, आणि आतला एकही तास वाया जाणार नाही याकडे लक्ष द्यावे.

साताऱ्याहून जाण्यासारखा मोठा थीम पार्क म्हणजे खोपोलीजवळचा इमॅजिका. तो 2013 मध्ये सुरू झाला, त्याच्या शेजारी वॉटर पार्क आहे, आणि तो खोपोली-पाली रस्त्यावर आहे. हा रस्ता लक्षात ठेवावा, कारण मुक्कामाचा प्रश्न त्याच रस्त्यावर सुटतो. केवळ पाण्यात डुंबायचे असेल, तर लोणावळ्याजवळचा वेट एन जॉय आपल्याला अधिक जवळ पडतो आणि एवढा लांबचा खटाटोप करण्याची गरज उरत नाही. तिकीट शक्यतो पार्काच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढावे. तेथे वारांनुसार दर बदलतात आणि मधल्या वारांचा दर सहसा कमी असतो. मात्र दिसणारी रक्कम करासहित आहे की कराशिवाय, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. अशा पार्कांच्या प्रवेशावर 18 टक्के जीएसटी असतो (2017 मध्ये तो 28 टक्के होता, जानेवारी 2018 मध्ये खाली आला), म्हणजे हजार रुपयांच्या आकड्यामागे एकशे ऐंशी रुपये वाढतात आणि दोघांचे मिळून ते एका वेळच्या जेवणाइतके होतात.

प्रवासात सर्वांत जास्त बचत होते, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगते. एसटीत मार्च 2023 पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे जोडप्याचा प्रवास दीड तिकिटात होतो. सातारा-स्वारगेट विनाथांबा गाडीने पुणे गाठावे. स्वारगेटहून भूमिगत मेट्रो थेट शिवाजीनगरला जाते, आणि तेथून लोणावळ्याची लोकल मिळते, जिचे तिकीट चहा-वडापावाच्या पैशांत येते. लोकल दुपारी विरळ असतात, म्हणून वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. लोणावळ्याहून एसटीने घाट उतरला की खोपोली. हा टप्प्याटप्प्याचा प्रवास नको असेल, तर कोयना एक्सप्रेस आहे. ती कोल्हापूरहून सकाळी निघून सांगली, कराड, सातारा करत दुपारनंतर लोणावळ्याला पोहोचते. साताऱ्याचे स्थानक गावापासून दूर, माहुलीला असल्यामुळे आपण सातारकर रेल्वेला विसरूनच जातो. सांगलीची माझी नणंद मात्र याच गाडीने आली होती, आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी व भडंग यांच्यावर तिच्या कुटुंबाचा प्रवासातला खाण्याचा खर्च जवळजवळ शून्य झाला होता. मोटारसायकलने जाण्याचा विचार असेल, तर एक सूचना करते की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणून लोणावळा-खोपोली हा जुना महामार्गच धरावा लागतो. उतारावर अवजड वाहने असतात, आणि दिवसभर राईडमध्ये हादरे खाल्ल्यावर संध्याकाळी तोच घाट चढून साताऱ्यापर्यंत दुचाकी हाकण्यात मला शहाणपण दिसत नाही.

आता मुक्काम. आदल्या दिवशीच जाऊन राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. पार्काच्या आवारातल्या किंवा लोणावळ्यातल्या हॉटेलांचे दर पाहून लोक मुक्कामच टाळतात, पण त्याच खोपोली-पाली रस्त्याच्या पुढच्या टोकाला पालीचा बल्लाळेश्वर आहे आणि तेथे देवस्थानाचे भक्तनिवास आहे. खोली साधी असते, टॉवेल-साबण आपला न्यावा लागतो. पण दोन माणसांना एका रात्रीसाठी आणखी काय हवे? खोपोलीच्या बाजूला महडचा वरदविनायकही आहे, म्हणजे अष्टविनायकांपैकी दोघांचे दर्शन याच फेरीत घडते. (घरी वडीलधारी मंडळी असतील तर याचा आणखी एक लाभ आहे. "झोपाळ्यात बसायला एवढे पैसे?" असे विचारणाऱ्या माझ्या सासूबाईंनी, "पालीला जातोय, जाता जाता पार्कही बघू," असे म्हटल्यावर स्वतःहून नारळासाठी पैसे दिले.) खोलीसाठी दोघांचीही मूळ आधार कार्डे न्यावीत. लग्नानंतर पत्नीच्या कार्डावर माहेरचेच आडनाव राहिले असेल, तर कुठे कुठे नको ते प्रश्न विचारले जातात. आम्ही विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत फोनमध्ये ठेवतो. सणासुदीला आणि संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, पालीत खोली मिळणे कठीण असते, तेवढे पंचांगात पाहून घ्यावे. पालीला जाणारी संध्याकाळची एसटी चुकण्याची शक्यता वाटत असेल, तर खोपोलीतच एखाद्या साध्या लॉजवर राहावे आणि पाली दुसऱ्या दिवशी करावी.

दिवस कोणता निवडावा यावर आतले सगळे अवलंबून असते. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळचा आठवडा आणि मे महिना वर्ज्य, हे कुणीही सांगेल. सहसा सांगितले जात नाही ते हे की डिसेंबर-जानेवारीतला मधला वारही फसवा असतो, कारण तो शालेय सहलींचा काळ. आमच्या दुसऱ्या सहलीला आम्ही मोठ्या हुशारीने मंगळवार निवडला आणि फाटकाशी पोहोचतो तो वाहनतळावर एसटीच्या लाल गाड्यांची रांग! मुले गोड होती, पण रांगेत त्यांच्यापुढे आपला टिकाव लागत नाही. तिसऱ्या वेळी फेब्रुवारीअखेरचा बुधवार निवडला. ते दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस असतात, शाळांच्या सहली संपलेल्या असतात आणि ऊन अजून सोसवेल इतके असते. त्या दिवशी आम्ही काही राईडमध्ये दोनदा बसलो, आणि रांग टाळण्यासाठी मिळणाऱ्या जादा पैशांच्या पासची आठवणही झाली नाही. पावसाळ्यात गर्दी कमी असते हे खरे, पण खोपोलीचा पाऊस म्हणजे घाटाखालचा पाऊस, आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या मोठ्या राईड थांबवाव्याच लागतात. वॉटर पार्कसाठी पावसाळा चालेल, थीम पार्कसाठी नको.

आत शिरल्यावर जवळची पहिली राईड दिसताच सगळे तिच्याकडे वळतात. तुम्ही नकाशा घेऊन सर्वांत लांबच्या टोकाला जावे आणि ज्या राईडसाठी मुख्यतः आला आहात ती पहिल्या तासात उरकावी. जेवणाचे गणित सोपे आहे: बहुतेक पार्कांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, आणि आतले खाणे महाग असते. म्हणून सकाळी मुक्कामाच्या गावीच पोटभर नाश्ता करावा, पण तो पार्क उघडण्याच्या तासभर आधी, कारण भरल्या पोटी उलटेपालटे होण्याचा परिणाम काय होतो ते वर्णन करण्याजोगे नाही. एक ते अडीच या वेळात लोक जेवायला जातात आणि रांगा आखडतात; तेव्हा राईड घ्याव्यात, आणि तीननंतर दोघांत एक थाळी मागवून निवांत बसावे. रिकामी बाटली सोबत असली, तर पिण्याच्या पाण्याच्या नळावर ती भरून घेता येते. राईड चालू असताना काढलेले फोटो बाहेर पडताना विकायला असतात. एक घ्यावा, तोही चेहऱ्यावरची भीती खरी उतरली असेल तरच.

कपड्यांच्या बाबतीत पत्नीला आधी सांगून ठेवावे. ओढणी, सैल चपला आणि लांब मंगळसूत्र यांची मोठ्या राईडवर अडचण होते, आणि ती काढून ठेवायची म्हटले की लॉकरचे भाडे आले. मी लांब मंगळसूत्र घरी ठेवून गळ्यालगतचे घातले होते आणि पट्ट्याचे बूट घातले होते. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत. नायलॉनचे कपडे तेथे भाड्याने घेण्यापेक्षा निघण्यापूर्वी साताऱ्यातच एकदाचे विकत घ्यावेत, पुढे अनेक वर्षे उपयोगी पडतात. आणि लग्नाला दीड वर्ष झाले आहे म्हणून थोरली बहीण समजून विचारते: दिवस गेले असण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर जोरदार राईड पूर्ण टाळाव्यात.

पार्कात एक दिवस पुरे. थीम पार्क आणि वॉटर पार्क यांचे एकत्रित तिकीट स्वस्त भासते, पण एकाच दिवसात दोन्ही करायला गेल्यास दोन्ही अर्धवट राहतात, शिवाय ओले केस आणि ओले कपडे घेऊन पुन्हा रांगा लावाव्या लागतात. पहिला दिवस प्रवासाचा, दुसरा पार्काचा, तिसऱ्या दिवशी सकाळी दर्शन घेऊन परत, असे केल्यास दोन रात्रींचे साधे भाडे वाढते, तरीही आमची ही तिसरी सहल पहिल्या एका दिवसाच्या सहलीपेक्षा स्वस्त पडली. सगळा फरक भाड्याच्या गाडीचा होता.

राहिला भीतीचा प्रश्न. आमच्याकडे तो उलटा आहे, कारण उंचीला घाबरतात ते माझे यजमान. इमॅजिकातली नायट्रो ही राईड सुमारे 40 मीटर उंच जाते, वेग ताशी 105 किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि तिला खाली तळच नसल्यामुळे पाय अधांतरी लोंबतात. तिकडे पाहूनच ते बाकावर बसले. मी आग्रह केला नाही, तुम्हीही करू नये. मी एकटीच जाऊन आले, आणि माझी पर्स, पाण्याची बाटली व दोघांचे फोन त्यांच्याजवळ राहिल्यामुळे लॉकरचे भाडे वाचले, हे त्यांनी नंतर मला दोनदा ऐकवले. त्यांचे तिकीट मात्र वाया गेले नाही. राजासॉरस ही डायनासोरांमधून होडीतून जाण्याची राईड त्यांना फार आवडली. तो प्राणी कल्पनेतला नसून त्याचे अवशेष गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आणि 2003 मध्ये त्याला ते नाव मिळाले, हे त्यांनीच मला रांगेत सांगितले. सलीमगढ या भुताखेतांच्या राईडमध्ये मी डोळे मिटून घेतले आणि ते हसत बसले. आय फॉर इंडियामध्ये मोठ्या पडद्यासमोर आसने अधांतरी ठेवून देशावरून उडत गेल्याचा भास करून देतात. तेथे उंची भासते, पण पोटात खड्डा पडत नाही. तुमच्या पत्नीची सुरुवात तेथून करावी. त्यानंतर ती स्वतःहून मोठ्या राईडकडे बोट दाखवू लागली, तर रांगेतून बाहेर पडण्याची वाट कुठे आहे ते आधी पाहून ठेवावे. आमचे यजमान तिसऱ्या सहलीत नायट्रोच्या पायऱ्यांपर्यंत आले होते, आणि तेथून याच वाटेने परत फिरले.