‘दान्जो क्योदो सानकाकु’ म्हणजे स्त्री-पुरुष समानता का?

समाजातील स्त्री-पुरुषांच्या सहभागाविषयी जपानने १९९९ मध्ये केलेल्या मूलभूत कायद्याच्या नावातील ‘दान्जो क्योदो सानकाकु’ या शब्दांसाठी मराठीत ‘स्त्री-पुरुष समानता’ असे लिहावे का, असा प्रश्न विचारला गेला आहे. माझ्या मते तसे लिहू नये. जपान सरकारच्याच अधिकृत इंग्रजी अनुवादात समानतेचा शब्द आहे आणि आपल्याकडे तोच इंग्रजीमार्गे येतो. मूळ नावात मात्र तो नाही.

‘दान्जो’ म्हणजे पुरुष-स्त्री आणि ‘क्योदो’ म्हणजे एकत्रितपणे. खरी मेख ‘सानकाकु’त आहे. सहभागासाठी जपानीत ‘सानका’ हा रोजचा शब्द आहे आणि सरकारी आराखड्यातही आधी तोच होता. १९९१ मध्ये त्याच्या जागी ‘सानकाकु’ आला. यातल्या ‘काकु’चा अर्थ आखणी. सभेला नुसते हजर राहणे ही ‘सानका’ झाली. सभेत काय ठरवायचे, यातही वाटा असणे म्हणजे ‘सानकाकु’.

समतेसाठी जपानीत ‘ब्योदो’ हा शब्द आहे. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत ‘समता’साठी योजलेला हा शब्द जपानमध्ये रुजला, उजी येथील प्रसिद्ध ब्योदो-इन मंदिराच्या नावातही तो आहे. जपानी राज्यघटनेच्या १४ व्या कलमात कायद्यापुढील समतेसाठी हाच शब्द आहे. १९९९ च्या कायद्याच्या प्रस्तावनेतही तो आहे, परंतु नावात नाही. १९८५ च्या रोजगारविषयक कायद्याच्या नावातही ‘ब्योदो’ टाळून ‘किन्तो’ (सारखेपणा) हा सौम्य शब्द घेतलेला आहे. सहभागाची भाषा करताना भेदभावाचा प्रश्न मागे पडतो, हा जपानी स्त्रीवाद्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि आपण भाषांतरात ‘समानता’ लिहिली की हा आक्षेप मराठी वाचकाला कळतच नाही.

म्हणून मी ‘स्त्री-पुरुष निर्णयसहभाग’ असा शब्द सुचवीन. मुळात पुरुष आधी असला तरी मराठीच्या वळणाप्रमाणे ‘स्त्री-पुरुष’ हाच क्रम ठेवावा.

राजकीय क्षेत्रासाठीच्या २०१८ च्या कायद्याच्या नावातही हेच शब्द आहेत. पक्षांनी स्त्री व पुरुष उमेदवारांची संख्या शक्य तितकी सारखी ठेवण्याचा प्रयत्न करावा, एवढेच तो सांगतो. न केल्यास शिक्षा नाही. २०२१ च्या कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ४६५ पैकी ४५ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. अशा कायद्याला ‘समानता कायदा’ म्हटले, तर त्याने राखीव जागा दिल्या असाव्यात, असा मराठी वाचकाचा सहज समज होईल.