आरोग्य-प्रश्नोत्तरे : स्ट्रोक ओसरला, मग हात का जळतो?

प्रश्न : सासऱ्यांना (वय ६८) ४ महिन्यांपूर्वी डाव्या अंगाला एकाएकी बधिरपणा आला. एमआरआयमध्ये उजव्या थॅलॅमसमधला छोटा स्ट्रोक निघाला. हातात ताकद आहे, पण आता तोच हात रात्रंदिवस जळतो, रजईसुद्धा टोचते. पॅरासिटामॉलने काही फरक नाही. घरात सगळे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. – एक वाचक, इंदूर

उत्तर : मनाचे खेळ मुळीच नाहीत. दुखणं खरं आहे. त्याचं मूळ हातात नसून मेंदूत आहे, एवढंच. १९०६ साली देजेरिन आणि रूसी या फ्रेंच डॉक्टरांनी याचं नेमकं वर्णन करून ठेवलं आहे.

थॅलॅमस मेंदूच्या मधोमध असतो, डावा आणि उजवा. अंगाचा स्पर्श, थंड-गरम, वेदना हे सगळे निरोप मेंदूच्या पृष्ठभागाकडे जाताना इथे एका पेशीकडून दुसरीकडे सोपवले जातात. अंगाची जागा वेगळी, चेहऱ्याची तिला लागून. म्हणून लहानशा इजेतही कधी ओठाचा कोपरा आणि बोटं एकदमच बधिर होतात. नजर आणि ऐकणं मागच्या भागातून जातं. वास मात्र या वाटेने न जाता थेट पोचतो, त्यामुळे पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा वास त्यांना पूर्वीसारखाच येत असेल. हालचालीचे तंतू थॅलॅमसच्या शेजारून जातात. ते वाचले, म्हणून ताकद टिकली.

थॅलॅमस नुसता निरोप्या नाही, काय पुढे सोडायचं हेही तो ठरवतो. ही चाळणी फाटली की साधा स्पर्शही जळजळ म्हणून पोचतो. त्रास बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होतो, त्यामुळे स्ट्रोकशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. न्यूरॉलॉजिस्ट बहुधा रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन या औषधापासून सुरुवात करून डोस हळूहळू वाढवतात. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधीच सांगा. प्रीगाबालिन हे दुसरं औषध दिलं तर ते एकदम बंद करू नका. लॅमोट्रिजिन या औषधाने अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि दुखणं निम्म्यावर आलं तरी ते यशच समजा.

अंघोळीचं पाणी उजव्या हाताने बघायचं. डाव्या हाताला गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, भाजलेलं कळणार नाही. रजईला मऊ सुती खोळ घाला. रक्तदाब नियमित मोजा. पुन्हा अचानक बधिरपणा आला, तर सुरू झाल्याची वेळ लिहून लगेच हॉस्पिटल गाठा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.