आधी बुश, मग हौस

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे २००४ ची जिप्सी किंग आहे, सॉफ्ट टॉप. देवरुखहून मारळच्या बाजूला आमची काजूची बाग आहे, तिथली शेवटची तीन किलोमीटर नुसती दगडगोट्यांची वाट. गेल्या पावसाळ्यापासून स्पीडब्रेकरवर पुढून ‘धाड’ असा आवाज येतो, पंचावन्न-साठला स्टिअरिंग थरथरतं आणि आंबा घाटात वळणावर गाडी आपल्या मनाने बाहेर सरकते. मेकॅनिक म्हणतो, चारही शॉकअप बदला आणि स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा) टाका. पुतण्या म्हणतो, हात घालतोच आहात तर तीन इंच उंच करा, २३५ चे टायर आणि पीयू (पॉलियुरेथेन) बुश टाका. पैसे एकाच कामाला पुरतील. काय करू? — एक वाचक, देवरुख

उत्तर : तुमच्या पत्रात शॉकअप आहेत, डॅम्पर आहे, टायर आहेत. पाट्याचे बुश, म्हणजे पाट्याच्या टोकांना पिनेभोवती बसणारी रबरं, मात्र कुणी वाकून पाहिलेले दिसत नाहीत. पीयूचे टाका म्हणणाऱ्यानेही जुने पाहिले नसावेत.

जिप्सीला पुढे-मागे पाटेच आहेत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगा. पाट्याचं एक टोक चासीच्या ब्रॅकेटात पिनवर पक्कं, दुसरं शॅकल नावाच्या हलत्या दुव्यावर झुलतं. त्यामुळे एका पाट्याला बुशाच्या तीन जागा होतात : पक्कं टोक, शॅकल पाट्याला धरते ती आणि शॅकल चासीला धरते ती. चार पाट्यांच्या बारा. ॲक्सल गाडीखाली जागेवर धरणारं दुसरं काही नाही, ना दांडी ना हात. या बारा जागी थोडीथोडी ढिलाई आली की ॲक्सल वळणावर तिरका होतो, म्हणजे तुम्ही न वळवता गाडी स्वतःच थोडी वळते. तुमचा आंबा घाट तो हाच.

आता बघायचं कसं. गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना दगड लावा. घरातल्या कुणालातरी स्टिअरिंग इकडे-तिकडे हलवायला सांगा आणि तुम्ही पुढच्या पाट्याच्या टोकाजवळ डोळा न्या. पिन आधी हलते आणि पाटा मागाहून, असं दिसलं की बुश संपला. मग टॉमी (लोखंडी कांब) घेऊन शॅकल आणि ब्रॅकेटच्या फटीत घाला, हळूच उचकटा. चांगलं रबर किंचित दबतं आणि परत येतं. संपलेलं ‘टक’ करतं. पिनेभोवती विटकरी भुकटी साचली असेल किंवा शॅकलची पट्टी चासीला घासून तिथे लोखंड चकाकत असेल, तर पुढचं काही तपासायची गरज नाही. असा बुश काढून हातात घेतला की भोक मधोमध सापडत नाही. ते एका अंगाला सरकलेलं असतं आणि दुसऱ्या अंगाला रबराची चंद्रकोर तेवढी उरते.

थरथरीसाठी आणखी एक गोष्ट बघा. पुढचं चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली धरून हलवा. खडखडलं तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिनचं, म्हणजे ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचं, बेअरिंग. डॅम्पर टाकून ही थरथर थांबते हे खरं, पण आजार तिथेच राहतो. दुखणाऱ्या दाढेवर लवंगेचं तेल, तसं. शॉकअपचंही तसंच : तेल गळत असेल तर बदला, कोरडे असतील तर आधी बुश, मग निर्णय.

काम घरी करणार असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कोकणातल्या हवेत पिना गंजून बसलेल्याच असतात. दुसऱ्या दिवशी एका वेळी एकच पाटा आणि त्याचंही एकच टोक सोडा, म्हणजे ॲक्सल पळत नाही. चासी घोडीवर (लोखंडी टेकूवर) ठेवा. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, जॅक फक्त ॲक्सल वर-खाली करायला. रबर जाळून काढायची गॅरेजात फार सवय असते. मागच्या पाट्यांना ते अजिबात नको, पेट्रोलची टाकी तिकडेच आहे. करवतीच्या पात्याने कापा, वेळ लागतो तेवढा लागू दे. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट सोडायची गरज नाही. सोडलेच तर नवे घाला, ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. पिनेवर खाच पडली असेल तर पिनही नवी.

आणि शेवटचा पाना. इथे मी स्वतः शेण खाल्लंय. माझ्या पहिल्या जिप्सीचे बुश बदलले तेव्हा गाडी घोडीवर, चाकं लोंबकळत होती, आणि मी तशाच अवस्थेत सगळे नट जीव लावून आवळले. खाली उतरवली तर गाडी पुढून बोटभर उंच. मला वाटलं, वा, नवं रबर! चार महिन्यांत ते सगळं रबर फाटलं. बुशाचं रबर पिनेवर घसरत नाही, ते पिळतं. लोंबकळत्या पाट्यावर आवळलं की गाडी नुसती उभी असतानाही ते पिळलेलंच राहतं, आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळतं. म्हणून नट आधी हाताने, सैल. गाडी चाकांवर उतरवा, बंपरवर बसून चार-पाच वेळा हालवा, मग वजन चाकांवर असताना आवळा. खाली शिरून, मान वाकडी करून आवळावं लागतं, म्हणूनच ते कुणी करत नाही.

पुतण्याच्या तीन इंचांबद्दल. लांब शॅकल दोन इंचांनी वाढवली तर गाडी त्या टोकाला सुमारे एक इंच उचलते, कारण अर्धी वाढ पाट्याच्या मधोमध पोचते. जिप्सीची पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ती लांब केली की ॲक्सल पुढे कलतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे असलेला कल) कमी होतो आणि स्टिअरिंग आपणहून सरळ येईनासं होतं. साठला थरथरणारी गाडी मग पन्नासला थरथरेल. शिवाय गाडी कितीही उचला, डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचा गिअरचा फुगवटा) दगडापासून तेवढाच दूर राहतो. तो फक्त टायरने वर जातो. मूळच्या २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिलिमीटर, २१५/७५ चा ७०३, २३५/७५ चा ७३३. म्हणजे २१५ ने गोळा जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर वर जातो आणि २३५ ने सव्वातीन. पण २३५ ने स्पीडोमीटर जवळजवळ दहा टक्के खोटं बोलतो आणि १.३ लिटरच्या इंजिनाला चढावर धाप लागते. बागेच्या वाटेसाठी २१५ पुरेत, आणि तेही आत्ताचे टायर झिजून बदलायची वेळ येईल तेव्हा. उंची वाढवणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ च्या कात्रीत येतं, हेही पुतण्याच्या कानावर घाला.

तुमच्या खर्चाचा क्रम मी असा लावेन : बारा बुश, लागतील त्या पिना, किंगपिन बेअरिंग ढिलं असेल तर तेही. पाचशे किलोमीटर चालवा. घाटात गाडी तुमचं ऐकू लागली की शॉकअपचं ठरवा.

प्रश्न : पीयू बुश टाकून सहा महिने झाले. आता प्रत्येक खड्ड्यात चिमण्या ओरडतात. ग्रीस मारलं, दोन दिवस गप्प, पुन्हा सुरू. — एक वाचक, वाई

उत्तर : पीयू पिनेवर घासतं, रबरासारखं पिळत नाही, म्हणून ओरडतं. साधं ग्रीस पावसात धुऊन जातं. बुश सोडून पिन पुसा आणि चिकट सिलिकॉन ग्रीस भरा. आवाज तरीही राहिला तर पाट्याची पानं एकमेकांवर घासत असतील, त्यांच्या फटीत डोकवा. तसं मला विचाराल तर दगडांवर हळू चालणाऱ्या गाडीला रबरच बरं. पाटा पिळतो तेव्हा रबर त्याच्याबरोबर जातं, पीयू आडमुठेपणा करतं आणि ब्रॅकेटाला ओढ बसते. ग्रीसचा डबा उचलताना एक लक्षात ठेवा : पीयूला चालणारं पेट्रोलियम ग्रीस शेजारच्या नैसर्गिक रबराला फुगवतं.

प्रश्न : बुश बदलून अलाइनमेंट करायला गेले, तर दुकानदार म्हणाला, जिप्सीला फक्त टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) सेट होतो, बाकी काही नाही. फसवतोय का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही ताई, खरं बोलतोय. पुढे अखंड ॲक्सल आहे, कॅस्टरला फिरवायचा स्क्रूच नाही. कॅस्टर बदलायचा झाला तर पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीत पाचर घालतात. तुमच्या गाडीला त्याची गरज पडू नये. फक्त टो बघण्याआधी दोन्ही पुढच्या टायरांत हवा सारखी होती का, ते विचारून घ्या.